बंबावर उबवलेली अंडी

८ मार्च १९९८, रविवार

साठ अंड्यांतून तीन पिल्ले!

त्यातले एक दुपारपर्यंत आडवे झाले. उरलेली दोन बुटांच्या खोक्यात, दिव्याखाली. सुनीतीने त्यांना नावे द्यायला घेतली. मी मनाई केली. नापास वर्गातल्या मुलांचा सत्कार करायचा नसतो.

अंडी उबवायचे यंत्र रीतसर घेतले होते. तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली, तुलनात्मक तक्ता केला, सर्वांत कमी दराचे स्वीकारले. लेखा कार्यालयात सगळी हयात मी हेच करत आलो. तक्त्यात दर होता, हमी होती, पोचवण्याची मुदत होती. अंडी उबतात की नाही, हा रकानाच नव्हता!

अहिल्येने मेलेल्या अंड्यांचा ट्रे उचलला आणि शांतपणे म्हणाली, "सुनीतीसाठी स्थळ बघताना टेंडर काढू नका म्हणजे झालं."

मी खोक्यावरचा दिवा थोडा खाली घेतला.

९ मार्च

परिस्थिती एकदा नीट लिहून काढतो, म्हणजे मनात घोळत राहणार नाही.

फरीदाबादजवळ, बल्लभगढच्या पुढे आपला प्लॉट आहे. त्यावर शेड आहे, कोंबड्या आहेत. शेजारचा टेकचंद त्यांच्याकडे पाहतो. मला स्वेच्छानिवृत्ती घेऊन तिथे हॅचरी काढायची आहे – लहान, नेटकी, गावोगाव पिल्ले पुरवणारी. मी चोपन्न वर्षांचा. हे आत्ता नाही तर कधीच नाही.

परंतु दिल्लीत आर. के. पुरमचे हे सरकारी क्वार्टर अहिल्येच्या नावावर आहे. शिवाय जुलैत तिची अवर सचिवपदी बढती नक्की समजली जाते. मी एकट्याने नोकरी सोडली तर निम्मा संसार इकडे, निम्मा तिकडे. दोघांनी सोडली तरच घर फरीदाबादला हलेल, आणि तिची खुर्ची कायमची जाईल.

तिची अट जानेवारीतच ठरली आहे. "तुमचे कागद नकोत मला. पिल्लं दाखवा. शंभरातली ऐंशी निघाली तर बोलू."

मी विचारले होते, "शंभर घातलेल्यांपैकी की फलित अंड्यांपैकी?"

"ते तुम्ही ठरवा. पळवाट तुम्हालाच लागणार आहे."

११ मार्च

मेलेली अंडी एकेक फोडून पाहिली. पाहवत नव्हते, तरी पाहिली. निम्म्याहून अधिक पिल्ले पूर्ण तयार होती – पिसे, नखे, सारे. बाहेर येता आले नाही. आतला पडदा वाळून अंगाला चिकटला होता.

यंत्रवाल्याला फोन केला. म्हणाला, "साहब, अंडे में ही दम नहीं था." मी म्हटले, दम होता, तुमच्या पेटीत दमट हवा नव्हती. त्याने हसून फोन ठेवला.

मग यंत्रच तपासले. चार कोपऱ्यांत चार थर्मामीटर ठेवले. चौघांची चार मते! उष्णता नियंत्रित करणारे उपकरण वर छताला बसवलेले. अंडी खाली. जिथे एकही अंडे नाही, तिथली हवा मात्र अगदी बिनचूक राखलेली.

१३ मार्च, होळीची सुट्टी

बाहेर रंग. मी दार लावून चारही थर्मामीटर डॉक्टरी थर्मामीटरशी ताडून पाहत होतो. कोमट पाण्यात सगळे एकत्र बांधून ठेवले. तापाचा आकडा जो बिनचूक सांगतो, तोच इथे प्रमाण. चारांपैकी एकच खरे बोलतो असे ठरले. बाकीचे तीन सुनीतीला खेळायला दिले. तिचे वय बावीस.

"बाबा यार, होली के दिन कौन थर्मामीटर धोता है?" ती हिरवीगार होऊन दारात उभी.

"ज्याच्या पेटीत पिल्ले मरतात तो," मी म्हणालो. तिने माझ्या कपाळाला बोट लावून पळ काढला. टिळा अजून निघालेला नाही.

१५ मार्च, रविवार

फरीदाबादला मोठ्या कारखान्याचे यंत्र पाहून आलो. कपाटाएवढे, चकचकीत. अंडी आपोआप कलतात. विक्रेत्याने बटणे दाबून दाखवली. मी एकच प्रश्न विचारला – वीज गेली तर?

"जनरेटर लगवा लीजिए."

"और जनरेटर बंद हुआ तो?"

तो माझ्याकडे असा पाहू लागला, जणू मी अशुभ बोललो!

परतताना बसमध्ये मनाशी पक्के झाले. वीज असताना सगळीच यंत्रे चांगली. वीज गेल्यावर यंत्र किती वेळ शहाण्यासारखे वागते, हाच खरा निकष. असे यंत्र विकत मिळत नाही. बांधावे लागेल.

२२ मार्च, रविवार

सापडले!!

सकाळी आंघोळीत वीज गेली, गीझर थंड. डोक्याला साबण, आणि मी चडफडत उभा. एकदम आईचा नगरचा बंब आठवला. पहाटे एकदा कोळसे घातले की बाबांची, माझी, भावंडांची आंघोळ होऊन दुपारी धुण्यालाही त्यात कोमट पाणी असे. कोळसे केव्हाच विझलेले असत, तरी बंब धरून राहायचा.

तो बंब कुठे आहे? दहा वर्षे आमच्याच दिवाणखान्यात! अहिल्या दर पंधरवड्याला त्याला चिंच-मीठ लावून घासते. मधल्या नळकांड्यात, जिथे कोळसे पडत, तिथे वाळलेली फुले खोवलेली. पाहुणे म्हणतात, वा, काय अँटिक आहे!

मी ओल्या अंगाने, टॉवेल गुंडाळून त्याच्यासमोर उकिडवा बसलो. आतून पाणी, मधून आरपार नळी. खालची गार हवा नळीतून वर चढेल, चढताना पाण्याची ऊब घेईल, वर अंडी. पंखा नसला तरी ऊन हवा वर जायची थांबत नाही. पाणी तापवायला विजेचा रॉड. वीज गेली तर पाणी आहेच. फार वेळ गेली, तर तोटीतून गार पाणी काढा, वरून कढत ओता. सारे आईने आधीच करून ठेवलेले!

"हे काय चाललंय?" अहिल्या.

मी सांगितले. तिने आधी बंबाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"सासूबाई ज्यात तुम्हाला आंघोळ घालायच्या, त्यात आता कोंबड्या?"

"त्यात नाही. त्याच्यावर."

"भोक पाडायचं नाही हां. एकही."

मान्य केले.

२९ मार्च

कबाड्याकडून बंद पडलेला फ्रिज आणला, नुसता सांगाडा. जाड भिंती, घट्ट दार. ज्या भिंती गारवा आत ठेवतात, त्या ऊबही ठेवतील. बंब खालच्या भागात बरोबर मावला. आत पाहता यावे म्हणून दारात काच बसवली. तोटी बाहेर यावी म्हणून भोक पाडले – फ्रिजला. शब्द पाळला.

वरच्या जाळ्यांसाठी आणि बंबाच्या माथ्यावरच्या झाकणासाठी मुनिरकात पत्र्याचे काम करणाऱ्याकडे गेलो. त्याने आकृती उलटी धरून विचारले, "अंकल, इसमें समोसे गरम होंगे?"

"अंडे."

"उबले हुए?"

"ज़िंदा."

तो बराच वेळ हसला. झाकण मात्र वाकडे केले. परत पाठवले. दुसऱ्यांदा सांध्यातून वाफ गळत होती. तेही परत. तिसऱ्यांदा मी कानशीने कडा स्वतः सारखी करून दाखवली, मग बसले. "आप रिटायर होके मेरी दुकान पे बैठ जाओ," म्हणाला. स्तुती समजून घेतली.

४ एप्रिल

अंड्यांवाचून चालवून पाहिले. घात! हवे साडेनव्व्याण्णव फॅरनहाइट, आणि पारा चढत चढत एकशे चारवर. रॉड बंद झाला तरी पाणी ऐकेना. तापलेले पाणी तापलेलेच. अर्धा दिवस गेला उतरायला. आत अंडी असती तर सगळी उकडली असती, आणि मुनिरकातल्या त्या गृहस्थाचे म्हणणे खरे झाले असते.

ऊब धरून ठेवते म्हणून ज्या पाण्याला निवडले, तेच ऊब सोडत नाही म्हणून आडवे आले.

सुनीती: "बाबा, तुम्ही खाली फ्रिजला घूरताय." तिचे मराठी दिल्लीच्या हवेत वाढलेले आहे. रिकाम्या फ्रिजकडे टक लावून बसलोय, असे म्हणायचे होते; विशेष म्हणजे कळते.

६ एप्रिल

चूक समजली. मीही त्या यंत्रवाल्यासारखाच वागलो होतो! नियंत्रक चुकीच्या जागी – त्याने छताला, मी अंड्यांपाशी. हवा तापेपर्यंत पाणी पुढे निघून जाई. आता त्याचा उष्णता मोजणारा बल्ब पाण्यातच सोडला. पाणी ठरल्या अंशावर राहू दे. हवा आपोआप त्याच्या मागे येते.

१२ एप्रिल, ईस्टर

चर्चच्या उपासनेहून आल्याबरोबर आधी पारा पाहिला. पाच दिवस तसूभर हललेला नाही. साडेनव्व्याण्णव! दमटपणासाठी कूलरच्या खसाची, म्हणजे वाळ्याची, पट्टी पाण्याच्या थाळीत उभी केली. सगळ्या खोलीत खसाचा वास. अहिल्या म्हणाली, "कोंबड्यांचा थाट आहे. आम्हाला कूलर मे महिन्याशिवाय नाही."

दुपारी मुद्दाम वीज काढून बसलो. संध्याकाळपर्यंत पारा जेमतेम दीड अंश उतरला. जेवण झाल्यावर मी स्वयंपाकघरात अहिल्येला हे तीनदा सांगितले.

"कळलं हो. मी बहिरी नाही."

१९ एप्रिल, रविवार

टेकचंदकडून अंडी आणली. अठ्ठेचाळीस, ताजी, टोकदार बाजू खाली. प्रत्येकावर पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला शून्य, म्हणजे कलवताना चूक नको. मांडली. दार लावले.

व्याख्या ठरवून अहिल्येला सांगितली: फलित अंड्यांपैकी शेकडा ऐंशी. ती म्हणाली, "पळवाट घेतलीत."

घेतली.

२६ एप्रिल, रविवार

पडदे ओढले, टॉर्चला पुठ्ठ्याची नळी लावली, एकेक अंडे उजेडावर धरले. चार कोरी. चव्वेचाळीसांत लाल शिरांची जाळी – कोळ्याने नुकतीच विणावी तशी.

अहिल्या भाजी निवडत बसली होती. बोलावले नव्हते, तरी आली. "बघू." अंडे तिच्या हातात दिले. तिने ते टॉर्चपुढे सावकाश फिरवले.

"हलतंय," ती म्हणाली.

"हृदय."

"मला माहितीये काय ते." अंडे दोन्ही तळव्यांत धरून तिने जागेवर ठेवले. फुली वर आहे की शून्य, तेही न विचारता बरोबर ठेवले.

सुनीतीला म्हटले, खुडूक कोंबडी हेच काम एकवीस दिवस उपाशीतापाशी करते. "खुडूक मतलब?" समजावले. ती हसू लागली. "अच्छा! मतलब आप. घर में खुडूक बाबा."

अहिल्याही हसली. बऱ्याच दिवसांनी.

४ मे, सोमवार

ऑफिसातून दुपारीच यावे लागले. अहिल्येचा फोन: सेक्टरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. ती अर्धी रजा टाकून आधीच पोचली होती.

संध्याकाळी पारा सत्त्याण्णव. मी गार पाणी काढून कढत ओतायचे प्रमाण कागदावर मांडत होतो – किती लिटर, किती अंशांचे. अहिल्येने गॅसवर पातेले चढवले होते.

"ओतू?"

"थांब. हिशेब होऊ दे."

"अहो, आंघोळीच्या पाण्याला विसण घालताना काय कागद घेऊन बसतो का आपण?"

"विसण क्या होता है?" सुनीती.

"गरम पाण्यात घालतात ते गार. आणि तू मेणबत्ती धर."

अहिल्येने पातेल्यात बोट बुडवले, तांब्याभर गार मिसळले, पुन्हा बोट बुडवले, ओतले. मी नंतर थर्मामीटर धरला. माझ्या उत्तरापेक्षा एक अंश अधिक. एक अंश चालतो, असे मी म्हणालो. "आभारी आहे," ती म्हणाली.

मग सिलिंडर संपला! दुसरा नोंदवलेला, आलेला नाही. वरच्या मजल्यावरच्या मिसेस सुब्रमण्यम इडलीपात्रभर पाणी घेऊन जिना उतरल्या. समोरचे ग्रोव्हर किटली घेऊन आले: "भाभीजी, चूज़ों का क्या हाल है?" पिल्लांची चौकशी अशी, जणू घरात कुणी बाळंतीण आहे.

५ मे, मंगळवार, सकाळ

वीज नाही. पारा ब्याण्णव. पहाटेपासून कुणाकडे पाणी मागणेही शोभेना. लोकांना ऑफिस आहे.

अंडी पंधराव्या-सोळाव्या दिवसाची. एवढी घसरण सोसतील असे पुस्तकात आहे. पहिल्या खेपेलाही पुस्तकाप्रमाणेच वागलो होतो. संपले असेच धरून चालावे.

अहिल्या डबा भरत होती. तिला सरळ सांगितले: "तू बढती घे. मी पुन्हा हा विषय काढणार नाही. माझी नोकरीची उरलेली चार वर्षे मी मुकाट्याने काढीन."

तिने डब्याचे झाकण लावले. म्हणाली, "अच्छा."

एवढेच! जाताना यंत्रापाशी थांबली, तोटी सोडून तळहातावर थोडे पाणी घेतले, पदराला हात पुसला आणि बस पकडायला निघून गेली. सासूबाईंच्या बंबाचा निरोप घेत असावी.

त्याच दिवशी, दुपार

वीज आली. पाणी चढू लागले. दोन अंडी उजेडावर धरली. एकात काहीच हालचाल दिसली नाही. दुसऱ्यात सावली हलली – किंवा माझा हात हलला. पुढे तपासण्याचे धैर्य झाले नाही.

७ मे

कलवणे थांबवले. आता दार उघडायचे नाही. अहिल्या काही विचारत नाही. स्वयंपाक करताना गुणगुणते. बढतीचा आनंद असेल. असावा; हक्क आहे तिचा.

९ मे, शनिवार

दाराला कान लावला. आतून आवाज!

बारीक, कवचाच्या आतला. चीं – थांबून – चीं. पुन्हा ऐकले. सुनीतीला ऐकवले, ती म्हणाली, "बाबा, बिल्कुल पक्का." तिने अहिल्येला ओढत आणले. तिघेही फ्रिजला कान लावून उभे. ग्रोव्हर दारातून म्हणाले, "फ्रिज में से फ़ोन आ रहा है क्या?"

संध्याकाळी काचेतून पाहिले: एका अंड्याला मोहरीएवढी चीर.

१० मे, रविवार

एकोणचाळीस!!!

सकाळी अकरा होती. उपासनेहून आलो तर सव्वीस. दुपारी जाळीवर पाय ठेवायला जागा नाही. ओली, केविलवाणी, तासाभरात फुललेली, पिवळी-तपकिरी. एकमेकांवर चढून काचेशी आलेली, सगळ्यांच्या चोची आमच्याकडे. पडदा कुणाचाही वाळला नाही. एकाने तर बाहेर पडताच शेजारच्याच्या डोक्यावर चोच मारली. निरोगी!

चव्वेचाळीसांपैकी एकोणचाळीस – शेकडा अठ्ठ्याऐंशीहून अधिक. पण मी मुद्दाम दुसऱ्या व्याख्येनेही पाहिले: घातलेल्या अठ्ठेचाळीसांपैकी एकोणचाळीस – शेकडा एक्क्याऐंशी. पळवाट लागलीच नाही!

अख्खा जिना आमच्या घरात. मिसेस सुब्रमण्यम यांनी पिल्लाला तमिळमध्ये काहीतरी सांगितले. ग्रोव्हरांनी माझा हात एवढा हलवला की खांदा दुखतो आहे. "साहब, दुकान खोलिए! पहला ऑर्डर मेरा!" कोंबड्या कुठे ठेवणार, विचारले. "बालकनी में!"

माझी आई असती तर म्हणाली असती, बंब नीट घासून ठेव रे. संध्याकाळी बसून मीच घासला, बाहेरून जेवढा हात पोचला तेवढा.

अहिल्येला म्हणालो, "शंभरातली एक्क्याऐंशी."

"बघितलं." तिच्या पदरात दोन पिल्ले होती. एवढ्या आनंदात मला तिला पुढचे विचारवेना. बढतीचे मीच पाच तारखेला सांगून बसलो आहे. दिलेला शब्द परत कसा घ्यावा?

११ मे, सोमवार, बुद्धपौर्णिमेची सुट्टी

पिल्ले दाणा टिपू लागली. संध्याकाळी टीव्हीवर पोखरणची बातमी. खाली कुणीतरी फटाके उडवले. एकोणचाळीसही पिल्ले एका कोपऱ्यात ढीग होऊन बसली. सुनीती त्यांना समजावत होती – "कुछ नहीं, कुछ नहीं, देश का मामला है."

उद्या अहिल्येशी बोलायचे. वाक्य तयार केले आहे. तीनदा बदलले.

१२ मे, मंगळवार

वाक्याची गरज पडली नाही. चार्टर्ड बसमध्ये दिनकर देशमाने शेजारी बसला – अहिल्येच्या मंत्रालयात, प्रशासन शाखेत असतो. म्हणाला, "अभिनंदन साहेब! वहिनींनी कमालच केली. बढती हातात असताना स्वेच्छानिवृत्ती! आमच्या सेक्शनमध्ये दुसरा विषय नाही."

मला वाटले, आज सकाळचे असेल; पिल्ले पाहून निर्णय घेतला असेल. विचारले, अर्ज कधी आला?

"गेल्या मंगळवारी. सकाळी आल्या आल्या, पर्स खाली ठेवायच्या आधी."

पाच तारीख. ब्याण्णव अंश. मी हार मानली ती सकाळ!

घरी येऊन तिच्यासमोर उभा राहिलो. पिल्लांचे पाणी बदलत होती.

"अर्ज दिलास तेव्हा पिल्ले निघायची होती. अट होती ना?"

"अट तुम्हाला होती. मी तोटीखाली हात धरला होता, पाणी अजून कोमट होतं. म्हटलं, हे टिकणार." मग मान वर केली. "ऑगस्टमध्ये मी मोकळी होतेय. तुमचा अर्ज कुठाय?"

माझा अर्ज अजून लिहिलेलाही नाही.